कोणाशी वांधा नाही

आमच्या रूमच्या मागं भेंडीचं शेत होतं. त्या शेताच्या कोपऱ्यात एका सकाळी लोखंडी पाटी उभी राहिली, आणि पुढं कितीतरी महिने आम्ही त्या पाटीचा उलटा अर्थ लावून बसलो. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागलेला होता.

नव्वदच्या दशकातलं सुरतेजवळचं भेस्तान म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. एका अंगाला लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खाती खडखडत असायची, दुसऱ्या अंगाला ऊस आणि भाजीपाला. मधल्या पट्ट्यात शेतमालकांनी रूमच्या रांगा बांधल्या होत्या आणि त्यात आम्ही खानदेशातली माणसं दाटीवाटीनं राहत होतो. माझा नवरा लूमवर बारा तासांची पाळी करायचा. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची, टिकल्या चिकटवायची. सासूबाई शहाद्याकडच्या गावाहून माझ्या बाळंतपणाला म्हणून आल्या त्या राहिल्याच. लेक त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. रूम एवढी मोठी, की नवरा रातपाळी करून झोपला की आम्ही तिघींनी बाहेर ओट्यावर बसायचं, आणि तो उठला की आत जायचं.

रूमच्या मालकांना सगळी रांग काका म्हणायची. अस्सल सुरती म्हातारा. तोंडात शिवी, पण पोटात काही नाही. भेंडीचं शेत त्यांचंच. एके दिवशी ते ओट्यावर टेकले, सासूबाईंकडून पाणी मागून प्यायले आणि म्हणाले, "टीपी पडी." ज्या सुरात म्हणाले त्यावरून मला वाटलं घरात कोणाला ताप आला असावा.

टीपी म्हणजे नगररचना. भेस्तान शहराच्या हद्दीत आलं होतं आणि आता त्याची आखणी होणार होती. काका सांगायला लागले, सगळ्यांच्या जमिनी भेगी करणार, म्हणजे एकत्र करणार, त्यातून रस्ते काढणार, आणि बाकीची जमीन चौरस करून ज्याची त्याला परत देणार. मी माझ्या परीनं समजून घेतलं. सगळ्यांच्या पिठाचे वेडेवाकडे गोळे एकत्र करून पुन्हा मळायचे. थोडं पीठ रस्त्याला, शाळेला, बागेला काढून ठेवायचं, आणि उरलेल्यातून प्रत्येकाला जरा लहान पण नीट गोल भाकरी थापून द्यायची. हिशेब मला पटला. काकांची थोडी जमीन जाणार होती, पण उरलेली मोठ्या रस्त्याला लागणार होती, म्हणजे सोनंच. फक्त आम्ही भाडेकरू कोणाच्याच परातीत नव्हतो. आणि तो मोठा रस्ता बरोबर आमच्या रांगेवरून जाणार होता.

"आजने आज नहीं," काका म्हणाले, "बे-चार वरस लागशे. पण जशे खरुं." म्हणजे आज ना उद्या रांग जाणार हे नक्की.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. रस्ता झाला की आजूबाजूची भाडी आपल्या हाताबाहेर जातील. तो खात्यातल्या माणसांबरोबर पाळीची खोली घेईल. सुरतेत अशा खोल्या असायच्या, अजूनही असतील. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच गोधड्यांवर येऊन झोपायचे. आणि आम्ही तिघी गावी जाऊ.

"माले काय," सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी जासू गावले. गाव काय पळी गये का?"

त्यांचं ते चटकन तयार होणं मला तेव्हा फार झोंबलं. मला गावी जायचं नव्हतं. आमच्या गावच्या गल्लीत मी अशा बायका पाहिल्या होत्या. नवरा सुरतेला, तो येणार आखाजीला आणि दिवाळीला. एकीची पोर तर बाप आला की "माय, पाहुणा वना" म्हणून ओरडत आत पळायची. सगळे हसायचे आणि ती बाई चुलीपुढं तोंड फिरवून बसायची. मला तसला संसार नको होता. लहान असो, पत्र्याचा असो, पण चौघं एका छपराखाली राहू, एवढंच मला हवं होतं. मी ते नवऱ्याला भांडून सांगितलं, रडून सांगितलं, दोन दिवस अबोला धरूनही सांगितलं. तो म्हणायचा, "मला काय हौस आहे का? तू जागा दाखव, मी राहतो."

आणि जागा तर आमच्या डोळ्यांसमोर होती. मागच्या शेतात. त्या पाटीखाली.

पाटी गुजरातीत होती. नवऱ्याला खात्यात राहून गुजराती अक्षरं लावता यायला लागली होती. त्यानं बोट फिरवत फिरवत वाचलं, "नबळा वर्गना रहेठाण माटे अनामत." नबळा म्हणजे दुबळा, हे कळलं. रहेठाण म्हणजे राहण्याची जागा, तेही कळलं. आणि अनामत तर आपलाच शब्द. शाळेत अनामत, वाचनालयात अनामत. म्हणजे दुबळ्यांना घरं मिळणार, पण आधी अनामत भरायची.

सासूबाईंनी अनामत शब्द ऐकला आणि कानावर हात ठेवले. माझे सासरे हयात असताना एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. भावकीनं खांद्यावर घेऊन मिरवलं आणि मतं दुसऱ्याला टाकली. सासऱ्यांची अनामत जप्त झाली. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द अपशकुनी होता. "ती परत येत नई," सासूबाई म्हणाल्या. "सरकारले एकदा अनामत दिधी का गयी." मग मीही तोंड सोडलं. दुबळे म्हणायचं आणि वर अनामत मागायची, याला काय अर्थ आहे? ज्याच्याजवळ भरायला आहे तो दुबळा कसला? सगळ्या रांगेनं मान डोलावली. ती पाटी आपली नाही, असं ठरवून आम्ही तिच्यावर गोधड्या वाळत घालायला लागलो.

असे कितीतरी महिने गेले. आमची ही अक्कल उघडी पाडली ती नळावरच्या ताईंनी. त्या भुसावळकडच्या, बौद्ध. त्यांचे यजमान रेल्वेत, उधन्याला कामाला. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून आमच्याच रांगेत टोकाला राहायच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण खोटं कधी नाही. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही तरी भरा अनामत. तुमच्याकडं पगार आहे."

"कसली अनामत?"

मी पाटीकडं हात केला. त्यांनी आधी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि हंडा खाली ठेवून हसायलाच लागल्या.

"अगं बाई, इथं अनामत म्हणजे राखीव! राखून ठेवलेलं! पैसे भरायचं काही नाही त्यात. ही जागा गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवलीय, दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, असं लिहिलंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार? हा शब्द आमच्या तोंडावर फेकून फेकून इथल्या लोकांनी तो आम्हाला पाठ करून दिलाय. यांना कामावर ऐकवतात, पोराला शाळेत ऐकवतात. अनामतवाले." त्या हसायच्या थांबल्या होत्या. "तुम्ही त्यावर गोधड्या वाळवता तर मला वाटायचं, तुम्हाला नकोच असेल आमच्यासारखं राखीव काही."

मी त्यांचा हात धरला आणि तशीच काकांच्या घरी निघाले. माझा हंडा नळाखाली वाहत राहिला, त्यावरून मग नळावर वेगळं भांडण झालं.

काकांनी अर्थ बरोबर असल्याचं सांगितलं. आणि हातचं काही न राखता हेही सांगितलं, की ती राखीव जागा तिथून हलवा, असा वांधा, म्हणजे लेखी हरकत, त्यांनी स्वतःच दिलाय. नव्या आखणीत त्यांचा चौरस तुकडा नेमका त्या जागेला लागून होता. समोर मोठा रस्ता. त्यांना तिथं दुकानं काढायची होती. शेजारी गरिबांच्या बिल्डिंगा आल्या तर दुकानांना शोभा राहणार नाही, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. राखीव जागा पार मागं, खाडीच्या काठाला न्यावी, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

"तमे लोको तो मारा घरना छो," काका म्हणाले. "पण धंधो ए धंधो."

खाडीचा काठ आम्हाला ठाऊक होता. पावसाळ्यात तिथल्या झोपड्यांतून भांडी तरंगत बाहेर यायची. खाती लांब, नळ नाही, रिक्षावाला त्या बाजूला जायला तयार नाही. मी विचारलं, हा निकाल कधी आहे? काका म्हणाले, गुरुवारी सुनावणी आहे, ज्याला बोलायचं त्यानं यायचं. "तमे पण आवजो ने!" ते अगदी लग्नाला बोलवावं तसं म्हणाले. आम्ही खरंच जाऊ असं त्यांना वाटलं नसणार.

नवऱ्यानं ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "घरमालकाच्या विरोधात बोलणार? पाण्यात राहून माशाशी वैर? रस्ता दोन वर्षांनी यायचा, तो उद्याच बाहेर काढेल." त्याचं चुकीचं नव्हतं. मलाही भीती वाटत होती, पण राग भीतीच्या वर होता. मी म्हटलं, "अहो, दोन वर्षांनी तुटायचं ते उद्या तुटेल, एवढंच ना? मी जाणार." त्याला खात्यात खाडा परवडणारा नव्हता. निघताना तो एवढंच म्हणाला, "ओरडू नको तिथं. नीट बोल."

मी, ताई, सासूबाई आणि रांगेतल्या आणखी चार-पाच जणी, अशी आमची फौज निघाली. लेक सासूबाईंच्या कडेवर. ऑफिसात शेतमालकांची गर्दी होती, पांढरे कपडे, हातात नकाशे. बायका म्हणजे आम्हीच. आमच्याकडं पाहून शिपायाला वाटलं आम्ही साफसफाईला आलोय. ताईंनी त्याला सरळ केला.

काकांचं बोलणं झालं. मग साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. चष्म्यातून बघणारा, दमलेला माणूस. शेजारी कारकून लिहून घेत होता. सासूबाई वयानं मोठ्या आणि पुढं उभ्या, म्हणून साहेबांनी त्यांनाच विचारलं, "बोलो माजी, तमारो शुं वांधो छे?"

आता, वांधा हा शब्दही आपलाच. आमच्याकडं वांधा म्हणजे भांडण, तंटा. सासूबाई ज्या घरातून आल्या तिथं बांधावरून वांधे, पाण्यावरून वांधे, आणि शहाणं माणूस भरल्या सभेत पहिल्यांदा काय म्हणतं, तर माझं कोणाशी काही नाही. त्यांनी पदर सावरला, काकांकडं एक नजर टाकली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आम्हनं कोनाशी वांधा नई शे, साहेब!"

साहेबांनी मान हलवली. "कोई वांधो नथी," ते कारकुनाला म्हणाले. कारकुनानं लिहायला घेतलं.

आत्ताच्या आत्ता, आमच्याच तोंडून, आमचं घर खाडीत चाललं होतं. नवऱ्याचं नीट बोल वगैरे मी तिथंच विसरले. "थांबा! लिहू नका! खोडा ते!" मी एवढ्या जोरात ओरडले की लेक रडायला लागली. "वांधा आहे! आमचा लई मोठा वांधा आहे!"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "काबरं भांडस, पोरी? काकानी आपलं काय बिघाडं?"

सगळं ऑफिस हसलं. मालक हसले, कारकून हसला, काका तर खोकेपर्यंत हसले. ताईंनी गुजरातीत साहेबांना घोळ समजावला, की इकडं वांधो म्हणजे हरकत, आमच्याकडं वांधा म्हणजे भांडण. माजींचं भांडण कोणाशीच नाही, हरकत मात्र सगळ्यांची आहे. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि कारकुनाला सांगितलं, "पेलुं काढी नाखो." कारकुनानं आधीचं खोडलं. मग मला हिंदीत म्हणाले, "अब आप बताइए. आराम से."

मी हिंदी, मराठी, गुजराती, जे तोंडाला येईल त्यात सांगितलं. आमची माणसं या खात्यांत आहेत. पाळी सुटली की पायी घरी येतात, म्हणून तर दिसतात आम्हाला. खाडीला घरं दिलीत तर तिथं बायकापोरांना ठेवून कोणी राहणार नाही. माणसं इथं पाळीच्या खोल्यांत झोपतील, आम्ही गावी जाऊ, आणि तुमच्या बिल्डिंगा ओस पडतील. घर कामाजवळ नसलं तर ते घर कशाला म्हणायचं? मग मी काकांकडं वळले. मालकाशी वर मान करून मी तोवर कधी बोलले नव्हते. "काका, तुम्ही दुकानं काढणार. साखर, चहा, रॉकेल, पोरांच्या पाट्या-पेन्सिली कोण घेणार? मोटारीतली माणसं भेस्तानला साखर घ्यायला येणार आहेत का? आम्हीच घेणार. आणि आम्हालाच तुम्ही खाडीला पाठवताय!"

काका डोकं खाजवत बसले. साहेबांनी त्यांना विचारलं, तर ते एक सुरती शिवी पुटपुटले आणि म्हणाले, "वात तो साची छे." माझं बोलणं त्यांना पटलं होतं, पण वांधा त्यांनी मागं घेतला नाही. धंधो ए धंधो.

बाहेर आल्यावर काकांनी आम्हा सगळ्यांना स्वतःच्या टेम्पोत बसवून घरी आणलं. वाटेत ते सासूबाईंना म्हणत होते, माजी, तुम्ही अजून जरा बोलल्या असतात तर माझं काम झालं होतं. सासूबाईंना त्यातली गंमत कळायला भेस्तान यावं लागलं. मग त्याही हसल्या, आणि दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईनात.

निकाल यायला पुष्कळ वेळ लागला. मध्ये प्लेगची साथ आली, अर्धी रांग रातोरात गावाकडं पळाली आणि हळूहळू परतली. त्यानंतर शहरानं कात टाकली. गटारी झाल्या, रस्ते झाले, ज्यांच्याकडं कोणी पाहत नव्हतं त्या वस्त्यांत झाडू फिरायला लागला. आणि एके दिवशी आखणी पक्की झाल्याचं कळलं. राखीव जागा होती तिथंच राहिली होती. आमच्या ओरडण्यानं राहिली की साहेबांच्या मनात आधीपासूनच होतं, मला माहीत नाही. मी आपली समजते, आमच्या ओरडण्यानं.

मोठा रस्ता निघाला तेव्हा आमची रांग अर्धी गेली. काकांनी उरलेल्या अर्ध्यात आम्हाला सामावून घेतलं. बाहेर काढलं नाही. समोर राखीव जागेवर पाया खणला जात होता आणि आम्ही बायका रोज संध्याकाळी तो बघायला जायचो. पुढं सोडत झाली. ताईंना घर लागलं, वरच्या मजल्यावर. आम्हाला पहिल्या सोडतीत लागलं नाही, मी खूप रडले. दुसऱ्या सोडतीत लागलं. सुनावणीला आलेल्या दोघींना कधीच लागलं नाही. त्या लांब, सचिन गावाच्याही पुढं राहायला गेल्या, आणि त्यांचा विचार आला की मला अजून गिळवत नाही. हप्ते फेडताना आमच्याही नाकी नऊ आले. पण चौघं एका छपराखाली होतो.

राहायला गेलो तो रविवार होता, खात्याला सुट्टी. हातगाडीच्या तीन फेऱ्यांत सगळा संसार त्या नव्या रस्त्याच्या पलीकडं गेला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि पुढं हात पसरले की संपेल एवढी गॅलरी. नवरा भिंतींवर हात फिरवत फिरत होता. मी भांडी लावत होते. सासूबाई मात्र उंबऱ्याशी उभ्या.

मी मनात धरलेलं बोलून टाकलं. "माय, आता तुम्ही गावी जायचं म्हणाल. वर्षानुवर्षं तेच चाललंय, जासू गावले, जासू गावले. लेकीला सवय झालीय तुमची. राहा ना आमच्याजवळ."

त्या आत आल्या. खोलीच्या मधोमध जमिनीवर बसल्या आणि फरशीवर दोन्ही तळवे टेकवले.

"गावमा मन्हं काय शे?" त्या म्हणाल्या. "तुना सासरा गया तवयच भावकीनी घर लिखी लिधं. मी बाळंतपणले वनू ना, ते घरले कुलूप लाईसन नई वनू. माले घरच नव्हतं."

नवरा भिंतीवरचा हात तसाच ठेवून उभा राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? त्या साहेबांसमोर तरी सांगायचं!"

"तवय सांगतू ते तुम्ही दया करी माले ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "माले दयावर नई ऱ्हावानं व्हतं. आते सांगस. आते आपलं घर शे."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. लेक घाबरून विचारत होती काय झालं, आणि नवरा तिला गॅलरीत घेऊन जात म्हणाला, काही नाही, आजी राहायला आलीय.